चौथा उपग्रह आणि आमचे हे

आमचे हे डिश बसवतात. अठरा वर्षं झाली. माणूस तसा अबोल, पण एक खोड भारी. डिश बसवली की सिग्नल मोजायच्या मीटरवरचा आकडा तिच्या पाठीवर सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहायचा, तारखेसकट. पुन्हा छतावर गेले की त्याखाली नवा आकडा. मी चिडवायचे, "पोरांची उंची तरी मोजलीत का कधी एवढ्या निष्ठेनं?"

मग ह्या डिशा ज्यांच्यावर चालतात, त्या देशाच्या उपग्रहांच्या मालिकेतला जुना तिसरा थकला आणि त्याच्या जागी चौथा वर गेला. पेपरात काय ते कौतुक! आणि त्याच दिवशी डोंगरापलीकडच्या आमच्या भागातल्या सगळ्या डिशा आंधळ्या झाल्या. टीव्ही गेला खड्ड्यात. पण आमच्या दवाखान्यात डॉक्टर नाही, एकट्या नर्सबाई. बाळंतीण अडली की त्या डिशवर चालणाऱ्या पडद्यावरून शहरातल्या डॉक्टरांना विचारतात. तो पडदाही काळा.

हे बावीस छतांवर चढले, जुने-नवे आकडे उतरवून घेतले आणि मला घेऊन डिशचा परवाना देणाऱ्या कचेरीत गेले. साहेबांच्या मागे सिग्नल कुठे पोचतो त्याचा भिंतभर नकाशा, सगळा देश हिरवागार.

"तुमचा भाग हिरव्यात आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे तुमचीच डिश वाकडी."

"बावीसच्या बावीस? एकाच दिवशी?" ह्यांनी आकड्यांचा कागद पुढे सरकवत विचारलं.

"पेन्सिलीनं काय, कोणीही काहीही लिहील. 'सिग्नल उत्तम' म्हणून सही करा, नाहीतर परवाना ठेवा इथे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर कारकुनानंच हळूच सांगितलं होतं, की नव्या उपग्रहाचा झोत जिकडे गिऱ्हाइकं जास्त, तिकडे वळवलाय. आणि वाकडे आम्ही? ह्यांनी खिशातून परवाना काढला, टेबलावर ठेवला आणि उठले.

पंधरा दिवसांनी कचेरीनं दुसरा मेकॅनिक पाठवला. काही लाजलज्जा! तो दवाखान्याच्या छतावर दोन तास डिश फिरवत बसला, आणि आमचे हे खाली त्याची शिडी धरून उभे. शेवटी तो उतरला, घाम पुसला आणि मान खाली घालून कागदावर सही ठोकली, सिग्नल उत्तम.

आत एक पोर सकाळपासून कळा सोसत होती, पहिलंच बाळंतपण. ह्यांनी त्या मेकॅनिकचं मनगट धरलं. आवाज जराही चढवला नाही.

"सही केलीस ना? चल आत. पडद्यावर डॉक्टर कुठे दिसतायत, ते तिला तूच सांग."