लागला नाही, धरला

जळगाव. मंगळवार, सकाळी अकरा. हजर: तक्रार समितीच्या अध्यक्षा मॅडम, एचआरचे साहेब, बाहेरच्या सदस्य म्हणून कंपनीच्याच वकीलबाई, तक्रारदार मी. गैरहजर: प्लांट मॅनेजर. तक्रार त्यांच्याविरुद्धच. ते धुळ्याच्या प्लांटला, 'कामानिमित्त'.

कारखान्यातल्या प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिते. साहेबांनी वही माझ्याकडे सरकवली.

"ताई, अक्षर तुमचं सुंदर. तुम्हीच लिहून घ्या."

तक्रार माझी, आणि लिहायचीही मीच. सवयीनं मी पेनाचं टोपण काढलं. त्याची लाज अजून जात नाही.

मी सांगितलं. स्टोअरमध्ये मॅनेजरांनी माझा हात धरला. सोडवला, तर पुन्हा धरला. वकीलबाई मोबाइल बघत होत्या.

साहेब सांगू लागले, "लिहा. रजिस्टर देताना हात लागला."

"लागला नाही. धरला."

"एका शब्दानं काय बिघडतं?" मग हसून, "तुमच्या वस्तीत सगळेच कायदा पाठ करतात का हो?"

कुठली वस्ती, ते खोलीत सगळ्यांना कळलं.

माझं पेन 'हात ला' इथं थांबलं. कारण हा शब्द मी आधी एकदा लिहिला होता. पॅकिंगमधली, पिंपळनेरकडची मुलगी. हेच टेबल, हेच साहेब, मॅनेजर हाच. ती मला सांगत होती, "अक्का, हात लागना नही. त्यानी धरा." साहेबांनी सांगितलं तसं मी शुद्ध मराठीत लिहिलं, हात लागला. निष्कर्ष: गैरसमज. आठवड्यात ती काम सोडून गेली. मी फाइल लावली आणि माझ्या यादीत त्या कामापुढे टिक केली.

'ला' खोडला. 'धरला' लिहिलं. खाली लिहिलं, शब्द बदलायला सांगण्यात आलं. वस्तीचं वाक्यही जसंच्या तसं उतरवलं. सही केली.

"मॅडम, तुमची सही?"

मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. सही झाली नाही. मी पानाचा फोटो काढला आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.

आजची यादी. पानाची प्रत आणि अर्ज कामगार कार्यालयात देणं, पोच घेणं. झालं.

पिंपळनेरला जाणं. तिला तोंडावर सांगणं, तुझा शब्द मी बदलला. ती म्हणेल तर तो परत लिहिणं, तिच्या बोलीत.

या कामापुढे अजून टिक नाही.