पिवळ्या जाकिटामागे

माझ्या नवऱ्याला एका जागी बसवत नाही. जेवताना गुडघा हलतो, बोलताना हातातल्या किल्ल्या वाजतात. आणि पोटासाठी करतो काय, तर व्हिडिओतल्या माणसावरून नजर हलू द्यायची नाही, हे कॉम्प्युटरला शिकवतो! पडद्यावर एका माणसाभोवती चौकट काढून द्यायची. तो चालेल तशी चौकटही त्याच्याबरोबर सरकली पाहिजे.

सरकतेही, खांब येईपर्यंत. माणूस खांबाआड गेला आणि पलीकडून तशाच रंगाचा सदरा घातलेला दुसरा कोणी निघाला, की चौकट खुशाल त्याच्यामागे जाते. महिनाभर नवरा त्या खांबापायी डोकं फोडून घेत होता. सकाळी टेबलावर मिठाची बाटली माझ्या कपाआडून सरकवत म्हणायचा, "अगं, चौकटीत जे दिसेल त्यावरूनच कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा शिकतो. एकदा चुकला की चुकीचंच घोकत बसतो."

"चहा निवतोय," मी म्हणायचे.

त्या रविवारी आम्ही माझ्या बहिणीकडे निघालो होतो. बसस्थानकात तिकिटाला ही भली मोठी रांग. मी याला बजावलं, "भिंगरीवर लक्ष ठेव." भिंगरी म्हणजे आमची पाच वर्षांची लेक. नाव उगाच नाही पडलं, बापाचाच वाण.

"एवढं पिवळंधमक जाकीट घातलंय, हरवते कुठे?" म्हणत तो बाकावर बसला. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला.

तिकिटं घेऊन परतले तर बाकावर पिशव्या तेवढ्या होत्या. फलाट, नळ, बायकांची खोली, सगळीकडे धावले. हाका मारून मारून घसा बसला. शेवटी बाहेरच्या दाराशी हा दिसला, तोंड पांढरंफटक. समोर पिवळ्या जाकिटातली एक अनोळखी मुलगी, आणि तिची आई याला फैलावर घेत होती. यानं मागून मुलीचा हात धरला होता, ती वळली तर दुसरीच.

"जाकीट भिंगरीचंच आहे गं," तो मला म्हणाला.

"तिनंच दिलं," मुलगी म्हणाली. "तिला उकडत होतं. आम्ही खांबामागे खेळत होतो."

आम्ही तसेच परत धावलो. बाकासमोरच्याच खांबाला पलीकडच्या बाजूनं पाठ लावून भिंगरी उभी होती, पांढऱ्या फ्रॉकमध्ये. चुकामूक झाली तर असशील तिथेच थांबायचं, हे बापानंच शिकवलेलं. मी आधी एक धपाटा घातला, मग तिला पोटाशी धरून रडले.

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "अगं, मला हाक नाही का मारायचीस?"

"कशाला?" ती म्हणाली. "तू बघितलंस ना माझ्याकडे. मग तिच्यामागे गेलास."

बसमध्ये ती त्याच्या मांडीवर झोपून गेली. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. बहिणीचं गाव येईपर्यंत त्याचा गुडघा एकदाही हलला नाही.