भाऊजींची हाक

मंडळी, मी अमरावतीत अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. बऱ्यापैकी क्लास आहे, आणि बऱ्यापैकी टक्कल पडेपर्यंत शिकवत आलोय. ‘काहीतरी कंपन पावल्याशिवाय आवाज निघत नाही’ हे वाक्य इतक्यांदा फळ्यावर लिहिलंय की बायको म्हणते, झोपेतही तेच बडबडता. भूत, भास, करणी असलं कोणी काढलं की मी चहा सांगतो आणि विषय बदलतो. अशा माणसावर हे लिहायची वेळ आली... हसा खुशाल. तुमच्या जागी मीही हसलो असतो.

माझी थोरली बहीण अकोल्यात राहते, जुन्या शहरातल्या एका अरुंद गल्लीत. समोरासमोर घरं, प्रत्येक दारापुढे एक खड्डा आणि खड्ड्यात नळ. प्रेशरच इतकं कमी की नळालाच खाली उतरावं लागतं. पाणी दोन-तीन दिवसांआड येतं, आणि कोणत्या वेळी येईल ते कोणीच सांगू शकत नाही. म्हणून त्या गल्लीत भाऊजींना फार मान होता. भाऊजी म्हणजे ताईचे मिस्टर, शाळेतून रिटायर झालेले पीटीचे मास्तर. पाण्याच्या आधी नळातून हवा फुसफुसते, ती त्यांना घरात बसूनही ऐकू यायची. मग ते बनियनवर गल्लीत उतरायचे आणि ग्राउंडवरचा आवाज काढायचे —

“नळ आले होऽऽ! उठा! गावंडे वयनी, सीरियल मंग पाहजा, गुंड काढा आंधी!”

दर घराला वेगळा टोमणा, की लगेच गुंड, म्हणजे पाण्याच्या कळशा, दारोदार बाहेर. कोणाचं पाणी कधी चुकलं नाही.

त्यांची नक्कल मी फार छान करायचो. घरातल्या प्रत्येक लग्नात फर्माईश व्हायची आणि सगळ्यात जास्त भाऊजीच हसायचे, खोकला लागेपर्यंत. हे आत्ता सांगण्याचं कारण पुढे येईल.

यंदा चैत्रात त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, आता जे आहे ते आहे. ताईची मुलगी बंगलोरला, तिची स्वतःचीच दोन लेकरं लहान. म्हणून दर शनिवारी क्लास आटोपला की मी एसटीनं अकोल्याला जायचो. पिशवीत संत्री, मूर्तिजापूरला चहा. भाऊजी पुढच्या खोलीत खाटेवर. ताई त्यांच्याशी दिवसभर बोलत असायची, पेज भरवताना तर फारच.

“बोला न एक शब्द. शिवी द्या. आजवर काय कमी देल्ल्या?”

भाऊजी नुसते बघायचे.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, गच्च्यांवर गोधड्या उन्हात पडायला लागल्या. अशाच एका रविवारी, सकाळचं ऊन गल्लीत उतरलं होतं, मी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होतो. आणि —

“नळ आले होऽऽ! उठा!”

मी ब्रश टाकून उभा राहिलो. समोरची दारं धडाधड उघडली. गुंड, बादल्या, टुल्लू पंपाच्या पायपा... सगळी गल्ली बाहेर. खड्ड्यातले नळ फुसफुसले आणि पाणी आलं. समोरच्या गावंडे काकूंनी पदरानं डोळेच पुसले.

“बरे झाले न वो मास्तर! देव पावला बाप्पा!”

मी तोंडभर फेस घेऊन आत पळालो. भाऊजी खाटेवर, जसे होते तसेच. हनुवटीवर पेजेचा ओघळ. हातात वाटी घेऊन ताई माझ्याकडे बघत होती.

“काय झालं रे? काहून ओरडून राह्यले सारे?”

तिनं काही ऐकलंच नव्हतं. दारापासून खाट हातभर अंतरावर.

बाहेरच्यांनी सांगितल्यावर तिनं वाटी खाली ठेवली आणि भाऊजींचे दोन्ही खांदे धरले. “म्हना, अजून एकदा म्हना... म्या नाही आयकलं.” बराच वेळ विनवत राहिली. मग ती माझ्याकडे वळली.

“तूच असशीन बाल्या. मले बरं वाटावं म्हनून नक्कल करून राह्यला तू.”

“ताई, तोंडावर फेस होता माझ्या!”

“तुले कुठी फेस आडवा येते?”

बावन्न वर्षांचा मी, शपथा घेत उभा. ताईचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं वाटलं. निदान मी केलं असं म्हटलं की प्रश्न मिटत होता.

पण त्याच आठवड्यात मी अमरावतीत फळ्यापुढे असताना गावंडे काकूंचा फोन आला. दुपारी पुन्हा हाक आली होती. पाणीही आलं होतं. आणि त्यांची नवी सून, तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच मुहूर्तावर त्या घरात आलेली, तिला नावानं टोमणा बसला होता : “पूनमबाई, माहेरचा फोन ठेवा अन् पानी भरा!” पोरगी घाबरून रडायला लागली. भाऊजींनी ना तिला कधी पाहिलं होतं, ना तिचं नाव कोणी त्यांच्या कानावर घातलं होतं.

मोबाइलवर टेप केलेला आवाज, कोणाचा चावटपणा, हे सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. ते तिथेच कोलमडलं.

पुढच्या रविवारी ताई सकाळपासून दारात पाट टाकून बसली. मांडीवर तुरीच्या शेंगा, पण एकही सोलली नाही. मी तिच्या शेजारी. ती माझ्या तोंडावरून नजर काढेना. चहासुद्धा तिनं मला तसाच, तोंडाकडे बघत दिला.

आणि हाक आली. इतकी जवळून, की माझ्या मानेवर काटा आला. कोणी मागे उभं राहून ओरडावं तशी. दारं उघडली, गुंड निघाले. मी तोंड घट्ट मिटून ताईकडे पाहिलं. ती माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत होती.

“आली?” तिनं विचारलं.

मी मान हलवली.

“आत्ताच?”

“आत्ताच ताई. सगळ्यांना... ऐकू गेली.”

तिनं शेंगा सुपात टाकल्या, एक-एक करून. “साऱ्या गल्लीले हाक मारते हा मानूस. त्या गावंडेच्या कालच्या सुनेले मारते. अन् मले नाही.”

त्या दुपारी तिनं मला खाटेजवळ बोलावलं. भाऊजी जागे होते.

“बाल्या, कर नक्कल.”

“ताई, नको न...”

“कर म्हनलं न. नळाची नको. मले हाक मारत ना हे, दुपारी शाळेतून आले का... ‘आहे का कोनी घरात?’ तशी मार. एकदा.”

मंडळी, पन्नास लग्नांत मी तो आवाज काढला असेल. उभा राहिलो, छाती भरली, तोंड उघडलं... आणि क्लासमधल्या फिजिक्सच्या सरांचा आवाज निघाला. पुन्हा केलं. पुन्हा माझाच. तिसऱ्यांदा तर आवाजच फुटेना. भाऊजी माझ्याकडे टक लावून बघत होते आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत गेलं. ताईनं ते पदरानं टिपलं.

“राहू दे,” ती मला म्हणाली. “तुले बी नाही येत.”

मार्गशीर्षात, भर दुपारी, भाऊजी गेले. ताई तेव्हा त्यांचा हात हातात घेऊन बसली होती. एक शब्द नाही, हुंकार नाही. त्या दिवसापासून गल्लीत ती हाक कोणालाच ऐकू आलेली नाही. लोक नळाची वाट बघत बसतात, कधी पाणी चुकतं. आता मोबाइलवर गल्लीचा ग्रुप काढलाय, ज्याला आधी कळेल तो मेसेज टाकतो.

मी खूप डोकं चालवलं. गल्लीचा आकार, भिंतींवरून परतणारा आवाज, सगळ्यांना एकदम होणारा भास... नव्या सुनेच्या नावाशी येऊन प्रत्येक वेळी गाडी अडते. पण तेही जाऊ द्या. काय कंपन पावत होतं, हे मला नाही कळलं तर नाही कळलं. भरल्या गल्लीत एकट्या ताईच्याच कानापर्यंत ते का पोचलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही. तिनं विचारलं तर काय सांगू, या भीतीनं मी तिच्यासमोर हा विषयच काढत नाही.

अजूनही शनिवारी जातो. मागच्या रविवारी मी ओट्यावरच होतो. मोबाइल वाजला. खड्ड्यात नळ फुसफुसला. ताई पाटावर बसलेली, पुढ्यात रिकामा गुंड.

“ताई, नळ आले.”

ती गल्लीच्या टोकाकडे बघत होती.

“थांब न,” म्हणाली. “हाक कुठी आली अजून?”

खड्डा भरला. पाणी वर आलं आणि गल्लीतून वाहत गेलं. गावंडे काकूंनी पाहिलं आणि पुन्हा आपल्या नळाशी वाकल्या. मी उठलो नाही.