गाठीतलं पाचट

मी अंबाजोगाईला कॉलेजात शिकते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे घरचे जोगाईच्या दर्शनाला आले, तेव्हा त्यांना गाव दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ऊसतोडीचा हंगाम संपवून माय, आबा आणि धाकटी बहीण नुकतीच गावी, शिरूरला परतली होती. ते तोडीला गेले की घरी शेळ्या सांभाळणारी आत्याही सोबत होती. कारखान्यावर असल्यापासून आबांना खोकला होता. तो जावा म्हणून हे दर्शन.

बहीण एसटीतून उतरली तेव्हाच मला तिचे केस दिसले. डाव्या कानामागे लिंबाएवढी चपटी गाठ झाली होती. माझी फणी तिच्यात शिरेना. माय म्हणाली, "दर्शन होऊ दे, मग बघू." आत्यानं गाठीला बोट लावलं आणि ते कपाळाला टेकवलं. ते बघून मला भीती वाटली.

देवळाच्या रस्त्याला देवीचा जोगवा मागणारी एक म्हातारी आराधीण वेताची परडी पुढे ठेवून बसली होती. गळ्यात कवड्यांच्या माळा. आत्या बहिणीचा हात धरून थेट तिच्यासमोर जाऊन बसली, ठरवून आल्यासारखी. म्हातारीनं गाठ चाचपली, तिला हळदकुंकू लावलं.

"जट हाय. आईनं लेकीला बोलावलंय."

"घरात दुखणं कावून शिरलं, ते कळलं आता," आत्या म्हणाली.

"कात्री लावू नका. लावली तर घरातलं माणूस जाईल. येत्या पुनवेला परडी द्या हिच्याकडं."

परडी देणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं. ती मुलगी मग देवीची. तिचं लग्न होत नाही, ती दारोदार जोगवा मागते. आमच्या वस्तीवर अशी एक बाई यायची. तिला पीठ वाढताना माय तिच्या तोंडाकडे बघत नसे. बहीण दुसरीत आहे. हळद लावली म्हणजे आपलं कौतुक चाललंय असं तिला वाटलं. ती हसत होती.

मला खूप बोलायचं होतं. पण आबा हात जोडून उभे होते आणि त्यांना खोकला आवरत नव्हता.

गाभाऱ्यात गर्दी नव्हती. मायनं आणलेल्या बाटलीतलं निम्मं तेल समईत घातलं आणि बूच लावलं. आबांच्या छातीला चोळायला ठेवलं असेल, असं मला वाटलं.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मी सगळ्यांना हत्तीखान्यात नेलं. खडकात कोरलेली जुनी लेणी आहेत ती. उन्हात दगडी हत्ती उभे असतात, झिजलेले, सोंडा तुटलेले. तिथे दुसरं कुणी नव्हतं. आबा सावलीला टेकले आणि बहिणीला गोष्ट सांगू लागले. जोगाई नवरी होऊन कोकणातून निघाली. परळीच्या वैजनाथाशी लगीन ठरलेलं. इथवर येईस्तोवर मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं.

"नवरदेव पण?" बहिणीनं विचारलं.

"न्हाई. त्यो परळीलाच हाय, वाट बघत."

"मंग ही इथून जात कावून न्हाई? गाडी तर हाय की परळीची."

आबा हसले आणि हसता हसता खोकू लागले. आत्या म्हणाली, "देवीची थट्टा करू नको गं, तू आता तिची हाईस."

ही गोष्ट मी आधी कितीदा ऐकली होती. त्या दुपारी मात्र हत्तींकडे बघवेना. एकटी राहिलेली नवरी आणि भोवती दगड.

बहीण माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. माझी बोटं आपोआप गाठीवर गेली. आत काहीतरी टोचलं. नखानं ओढलं तर पाचट निघालं, उसाचा वाळका पाला. तोडीवर असताना कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, त्याच्यावरच झोपायची ती. मी ते मायला दाखवलं.

"हात लावू नको," आत्या म्हणाली. "कालेजात जाऊन लई शाणी झालीस."

माय कितीतरी वेळ त्या पाल्याकडे बघत राहिली. मग तिनं पिशवीतून बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

"वैनी, ते देवीचं तेल हाय," आत्या म्हणाली.

"पोर देवीचीच म्हणता ना? मग लागू द्या तिला."

मी गाठ तेलात भिजवली आणि एकेक बट सोडवत गेले. पाचट निघत होतं, बहीण कळवळत होती, आत्या पाठ करून बसली होती. शेवटी आतला एक गुंता सुटेचना. कात्री लावायची नव्हती. मी खाली वाकून ते केस दातांनी तोडले.

त्याच वेळी आबांना खोकल्याची ढास लागली. मी, माय आणि आत्या त्यांच्याकडे बघत राहिलो. ती थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

पौर्णिमा गेली. परडी दिली नाही. बहीण दोन वेण्या घालून शाळेत जाते. मी तोडलेला गुंता आत्यानं जमिनीवर टाकू दिला नाही. तो रुमालात बांधून माझ्याकडेच राहिला आहे, हॉस्टेलच्या पेटीत. टाकायचं ठरवते आणि टाकत नाही. दातांनी तोडलं तर ते कात्री लावल्यात धरतात का, हे मी कुणाला विचारलेलं नाही.

रविवारी घरी फोन करते तेव्हा आधी आबांची तब्येत विचारते. माय म्हणते, "बरं हाय की." तिच्या मागून खोकल्याचा आवाज येत असतो.