लाल ठिपक्याचा पेला

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आज निवृत्तीनंतरही पाण्याचा पेला हातात घेतला की मला कळंबोलीचं ते प्रकरण आठवतं आणि स्वतःचाच राग येतो. पनवेल भागातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो.

सकाळी दहाला गव्हाणची एक कोळीण ठाण्यात आली. तिचा नवरा कळंबोलीला लोखंडाच्या गोदामात क्रेन चालवायचा. कालपासून घरी आला नव्हता, फोन बंद. मिसिंगची नोंद घेताना मी विचारलं, "काही आजार?" ती टेबलावर वाकून कुजबुजली. माझा आवाज मुळातच मोठा. "अंमलदार, लिहून घ्या," म्हणत मी आजाराचं नाव खणखणीत उच्चारलं. बाकड्यावर सात-आठ माणसं बसली होती. एक जण चटकन दूर सरकला. बाईनं पदर तोंडाला लावला. मी पुढच्या रकान्याकडे वळलो.

तासाभरात निनावी फोन आला. बाईचा आवाज, गोदामातलीच कुणी कामगार असावी. "साहेब, गोदामात पाण्याच्या टाकीजवळ लाल ठिपक्याचा एक पेला आहे. तो बघा." फोन कट.

निघण्याआधी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना विचारलं, हा आजार उष्ट्या पेल्यानं लागतो का? "अहो साहेब, तुम्हीसुद्धा?" त्या चिडल्याच. "पेल्यानं नाही, हात लावल्यानं नाही, शेजारी बसल्यानंही नाही."

टाकीवर चार पेले एकत्र उपडे होते. पाचवा लांब, बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. सुपरवायझर भलताच गोड बोलणारा निघाला. "त्याचा आजार? मला काय माहीत साहेब? तपासणीचे रिपोर्ट बंद पाकिटात ऑफिसला जातात. काल त्यानं स्वतःहून राजीनामा दिला." तीनदा विचारलं, तीनदा शब्दाला शब्द तेच उत्तर. पाठ केलेला जबाब मला लगेच कळतो.

"बरं, घसा सुकला बुवा," म्हणून मी तोच ठिपक्याचा पेला भरून घेतला.

"साहेब, तो नको!" सुपरवायझर ओरडला.

"का नको?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. मी त्याच्याकडे बघत पेला रिकामा केला. "बोल आता."

मग सगळं बाहेर आलं. त्यानं ऑफिसातलं पाकीट फोडलं होतं, गोदामभर सांगितलं होतं. वर धमकी दिली होती, "राजीनामा लिही, नाहीतर तुझ्या गावात सांगतो." आणि म्हणतो काय, "बाकीच्यांच्या काळजीपोटी केलं साहेब." माझे हात शिवशिवले. मी ते खिशात घातले.

त्याच्या बायकोला फोन लावला. गावाला तोंड दाखवायची भीती वाटली तर तो कुठं जाईल?

"सासऱ्याची जुनी होरी हाय खाडीत. रुसला का तिथंच जाऊन बसतो. सायेब, बेगीन जा, भरती लागलीय!"

खाडीवर पोचलो तर होडीला भोक पडलेलं. पाणी आत भरत होतं आणि हा कमरेपर्यंत बुडून गप्प बसलेला. हाका मारल्या, मान वळवेना. दोघा शिपायांनी पाण्यात शिरून त्याला ओढून काढलं. किनाऱ्यावर आल्यावर त्यानं एकच विचारलं, "सायेब, गावात समजला काय?"

"नाही रे बाबा," मी छातीठोक सांगितलं.

सुपरवायझरवर धमकावल्याचा गुन्हा नोंदवला. दबावानं घेतलेला राजीनामा कंपनीनं परत दिला. संध्याकाळी नवऱ्याला घेऊन निघताना बाई एकटीच माझ्या टेबलापाशी परत आली.

"सायेब, तुमी त्याला जित्ता आनलात, तुमचे उपकार हायत. पन सकाली बाकड्यावरून जो सरकला ना, तो आमच्या आलीतला मानूस."

गावात सांगायची सुपरवायझरनं नुसती धमकी दिली होती, ते मी भर ठाण्यात करून मोकळा झालो होतो. त्याच्यासाठी कलम सापडलं, माझ्यासाठी कोणी शोधलंच नाही. पुढं जिथं बदली झाली तिथं तक्रारदाराला आतल्या खोलीत बसवून, दार लावून, हळू आवाजात विचारायची सवय लावून घेतली. त्या आजाराचं नाव मी इथंही लिहिलेलं नाही. ते सांगायचं की नाही, हे तो माणूस ठरवेल.