अनंत चतुर्दशीपर्यंतचं पाणी

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत जवळजवळ प्रत्येक घरात एक तरी पदवीधर होता, आणि अर्ज मात्र सगळ्यांत मिळून एकच होता.

तो लिहिला होता तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी. सोसायटीचा पहिला गणपती बसणार होता आणि रस्त्याच्या कडेला मंडप घालायला परवानगी हवी होती. ती एका फेरीत मिळाली. पुढे हेडमास्तर फ्लॅट विकून कोकणात गेले, अर्जाची प्रत सोसायटीच्या फायलीत राहिली. तेव्हापासून कोणाला कुठेही काही मागायचं असलं की सेक्रेटरी फाईल उघडायचे, झेरॉक्स हातात ठेवायचे आणि सांगायचे, "मंडप खोडा, तुमचं काय ते घाला."

त्या अर्जावर रेशनकार्डात नावं चढली, गॅसचे नंबर लागले. माझ्या मुलाने तापाच्या रजेचा अर्ज त्यावरूनच उतरवला. 'रजेच्या काळात शांतता राखू व रहदारीस अडथळा होऊ देणार नाही,' असं त्यात होतं. वर्गशिक्षिकेने खाली सही करून तो परत पाठवला.

"अरे, हे वाचलंस का लिहिताना?" मी विचारलं.

"बाईंनी तरी कुठे वाचलंय, आई?"

तो तेव्हा मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचा, तीही निम्मी अक्षरं गाळून. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय त्याचं म्हणणं खरं होतं.

मी मुंबईत एका कंपनीत पत्रव्यवहार बघायचे. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं सरळ करून घरी यायचं, म्हणजे चुका दिसल्या की हात शिवशिवायचे. म्हणून सोसायटीने नळजोडणीसाठी अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा मी आपणहून म्हटलं, "मी नवा लिहून देते."

सेक्रेटरींनी चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, नवीन लिहिलं की नवीन शंका काढतात. हा पास झालेला अर्ज आहे."

कमिटीने माना डोलावल्या. मीही सोडून दिलं. सेक्रेटरी माणूस भला, जिना स्वतः झाडणारा. पण त्यांच्या लेखी अर्ज ही लिहायची गोष्ट नव्हतीच. ती चालणारी किंवा न चालणारी गोष्ट होती, स्कूटरसारखी.

तोपर्यंत आम्ही टँकरवर होतो. टँकर आला की बिल्डिंगभर हाका जायच्या आणि वरच्या मजल्यांना पाणी चढेपर्यंत खालच्यांच्या बादल्या भरून झालेल्या असायच्या. माझ्या समोरच्या दारातल्या वहिनींना त्या वर्षी पाण्याची सगळ्यांपेक्षा जास्त निकड होती. त्यांच्या लेकीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. पण नाशिकच्या विहीणबाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "तुमच्याकडे पिंपातलं पाणी. बाळबाळंतिणीला रोज न्हाऊ कशात घालणार? इथेच राहू दे तिला."

वहिनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन धुमसायच्या. "पिंपातलं म्हणे! यांच्या घरी गंगा उगम पावते जशी."

"नळ येतोय ना आता," मी म्हणायचे.

आणि नळ खरंच आला. उन्हाळा संपायच्या आत जोडणी मंजूर झाली, पाईप पडला, टाकी भरली. सेक्रेटरी येताजाता माझ्याकडे बघून नुसते हसायचे. वहिनींनी विहीणबाईंना फोन लावला आणि बोलता बोलता सिंकचा नळ पूर्ण सोडला, आवाज पलीकडे ऐकू जावा म्हणून. लेक सातव्या महिन्यात माहेरी आली. श्रावणात मुलगी झाली. बाळंतीण तीन महिने इथेच राहणार, असं दोन्ही घरांत ठरलं.

गणपती आले, गेले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडपवाले बांबू सोडत होते आणि त्याच वेळी पाण्याच्या कचेरीतला फिटर भलामोठा पाना घेऊन गेटातून आत आला. आमच्या व्हॉल्व्हपाशी बसला.

"काय करताय?" सेक्रेटरी वरून ओरडले.

"पानी तोडतोय."

"का?"

"साहेबांनी सांगितलंय. तुमची मुदत संपली. कागद आहे ना माझ्याकडे."

सेक्रेटरी धावत खाली गेले. मागून मी, माझ्या मागून वहिनी, पदराला तेलाचे हात पुसत. आंघोळीचं पाणी तापत होतं, बाळ दुपट्यात वाट बघत होतं.

कागद मी घेतला. मंजुरीला आमचाच अर्ज जोडलेला होता. सेक्रेटरींनी दिलेला शब्द पाळला होता. 'मंडप' जिथे जिथे होतं तिथे तिथे खोडून 'नळजोडणी' घातलं होतं. बाकी हेडमास्तरांचं एक अक्षर हलवलं नव्हतं. 'रहदारीस अडथळा होणार नाही अशा बेताने नळजोडणी उभारू. ध्वनिक्षेपकाचा आवाज मर्यादित ठेवू. सदर नळजोडणी अनंत चतुर्दशीपर्यंतच हवी असून, त्यानंतर सर्व सामान काढून जागा पूर्ववत करून देऊ.'

मंजुरीत एकच ओळ होती. अर्जात नमूद केलेल्या अटींवर जोडणी मंजूर. खाली साहेबांची सही.

वहिनी सेक्रेटरींकडे वळल्या. "भावजी, पाण्याचं विसर्जन करायचं लिहून दिलंत तुम्ही?"

"वहिनी, पास झालेला अर्ज होता तो..."

"माझी लेक आणि नात नाशिकला गेल्या ना, तर तुमच्याच दारात येऊन बसेन. विहीणबाईंना तुम्ही फोन करायचा!"

फिटरला चहा देऊन मंडपवाल्यांच्या खुर्चीवर बसवला. "साहेबांचा फोन आला तर मी चहा पितोय हं," तो म्हणाला आणि त्याने पाना मांडीखाली ठेवला. मी ऑफिसात कळवलं, सेक्रेटरींना स्कूटर काढायला लावली. वाटेत ते म्हणाले, "मॅडम, तिथे नवीन काही लिहून देऊ नका. शंका काढतील." मागे बसून स्कूटर चालवणाऱ्याशी भांडू नये.

कचेरीतला कारकून शांत होता. "मुदत तुम्हीच मागितलीत, मॅडम. आम्ही काय करणार? परत अर्ज करा. नंबर लागेल. चारसहा महिने धरा."

"आधी हा वाचा ना जरा. मोठ्याने."

त्याने वाचायला घेतलं. रहदारीपाशी आवाज मंदावला. ध्वनिक्षेपकापाशी तो थांबला आणि त्याने आजूबाजूला बघितलं. पलीकडच्या टेबलावरचे दोघे लिहायचे थांबले होते.

"नळाला ध्वनिक्षेपक," मी म्हटलं. "खाली साहेबांची सही आहे. साहेबांना दाखवायचं का?"

"साहेब कामात आहेत."

"बरं. पुढे वाचा. अनंत चतुर्दशीपर्यंत. कोणत्या सालच्या?"

त्याने कागद उलटला, मंजुरी बघितली, पुन्हा अर्ज बघितला. हेडमास्तरांनी साल वर तारखेत लिहिलं होतं आणि तारखेवर सेक्रेटरींनी झेरॉक्स काढताना पट्टी चिकटवली होती. नवी तारीख घालायची मात्र राहून गेली होती.

"साल नाहीये," कारकून म्हणाला.

"मग काल झाली तीच आमची, हे कशावरून?"

"मॅडम, तुम्ही वकील आहात का?"

"नाही हो. पत्रं वाचते. पगार मिळतो त्याचा."

पलीकडच्या टेबलावरचा एकजण फिस्सकन हसला. कारकुनाने बराच वेळ पेनचं टोपण चावलं. मग त्याने फायलीत लिहिलं की मुदतीचा बोध होत नसल्याने पुढील आदेशापर्यंत जोडणी चालू ठेवावी. 'बोध' त्याला ऐनवेळी सुचेना, तो मी सांगितला. त्याने कागद आत नेला आणि दोन मिनिटांत सही घेऊन आला. साहेबांनी हाही वाचला नसणार. मी देवाचे आभार मानले.

स्वच्छ भाषेत, साल-तारखेसकट लिहिलेला अर्ज असता, तर त्या दिवशी आमचं पाणी गेलं असतं. हे मला आजही थोडं खटकतं. पण अर्ज स्वच्छ असता तर त्यात अनंत चतुर्दशीच आली नसती, असं स्वतःला सांगून मी विषय मिटवते.

आम्ही परत आलो तेव्हा फिटरचा तिसरा चहा चालला होता. कागद बघून त्याने पाना पिशवीत घातला. वर वहिनींच्या न्हाणीघरातून बाळाचा टाहो आणि पाण्याचा आवाज एकत्रच येत होता. वहिनींनी आमची वाट बघितलीच नव्हती. पाणी जायच्या आत उरकून घेऊ म्हणून त्यांनी नातीला मांड्यांवर घेतलं होतं.

लेक ठरल्याप्रमाणे तीन महिने राहून नाशिकला गेली. जायच्या आधी तिला बिनपगारी रजा वाढवून हवी होती. सेक्रेटरींनी फाईल उघडली. "हा एकट्या नळालाच दोनदा पास झालेला आहे," ते तिला म्हणाले. मी मध्ये पडले नाही.

पुढचा आदेश अजून आलेला नाही. दर वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी सकाळी उठले की चहाच्या आधी खाली जातात आणि नळ सोडून बघतात.