एक दाता खाली

मिस्त्री गेले तेव्हा त्यांच्या दुकानात लोकांच्या चौदा सायकली अडकलेल्या होत्या आणि त्यातली एक माझी होती. मी टपाल वाटणारा माणूस. सायकल नाही म्हणजे हातपाय नाहीत. तरी पंधरा दिवस मी त्या दाराकडे फिरकलो नाही, पिशवी खांद्याला लावून पायी हिंडलो. कोणत्या तोंडाने जाऊन सांगायचं, वहिनी, झालं ते फार वाईट झालं, आणि माझी सायकल तेवढी द्या?

सोळाव्या दिवशी बघतो तर शटर वर होतं आणि वहिनी दारात उभ्या राहून एकेक सायकल फडक्याने पुसत होत्या.

वहिनींना आम्ही कोणी फारसं पाहिलेलं नव्हतं. दुकानामागे एक खोली होती आणि तिथे त्यांचं शिलाई मशीन. सायकलच्या सीटची कव्हरं शिवायचं काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. पुढे मिस्त्रींची ठोकाठोक, मागे मशीनची खडखड. मिस्त्रींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, वहिनींचा दाराबाहेर येत नसे. मिस्त्री एका मंगळवारी दुपारी, काम करता करता बसल्या जागी गेले. छातीचं दुखणं, पाच-दहा मिनिटांचा खेळ.

वहिनी रडल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. लेक परगावाहून आली, महिनाभर राहिली आणि सारखी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई, एकदा रडून घे गं. मोकळं वाटेल."

"येत नाहीये. आलं की रडेन."

नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की बाईचं काळीज दगडाचं आहे. ते वहिनींच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "असेल." आणि भात उतरवायला उठल्या. हे मला त्यांच्या लेकीनेच पुढे कधीतरी सांगितलं.

तर मी सायकल न्यायला गेलो. माझी तक्रार जरा नाजूक होती. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात, तसंच. दोन-तीन तास सायकलवर बसलं की खालचा भाग बधीर व्हायचा. म्हणजे आपण आहोत की नाही तेच कळत नसे. उतरलं की मुंग्या. मिस्त्रींनी नवी सीट बसवली होती, पण ती नीट लावायची राहून गेली होती.

"काय होत होतं?" वहिनींनी विचारलं.

"तसं विशेष काही नाही. जरा बसायला..." मी रस्त्याकडे बघत म्हणालो.

"जागा सांगू नका. जुनं कव्हर आहे माझ्याकडे, ते बघून कळतं."

आत जाऊन त्या माझं जुनं कव्हर घेऊन आल्या. पुढच्या टोकाशी ते घासून गुळगुळीत झालं होतं. मागचा भाग कोरा, जणू कोणी टेकलंच नव्हतं. तेव्हा मला उमगलं की या बाईने एकोणीस वर्षं गावातल्या प्रत्येकाचं बसणं हातात धरून पाहिलेलं आहे. माणूस कधी बघितला नाही, पण तो कुठे भार देतो, कुठली बाजू चोरतो, ते सगळं विरलेल्या कापडावरून तिला पाठ होतं.

"टोक वर होतं तुमचं. टोचत होतं, म्हणून तुम्ही अंग चोरून बसत होता," त्या म्हणाल्या. त्यांनी तेरा-चौदाचा पाना घेतला आणि सीटखालचा नट सैल केला. तिथल्या चापाला बारीक दाते असतात, सीट एकेक दात्याने वर-खाली होते. त्यांनी टोक दोन दाते खाली घेतलं आणि नट आवळला. हात सराईत नव्हता. पाना दोनदा घसरला.

पहिला दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी माझी बोटं बधीर व्हायला लागली. टोक खाली गेल्यामुळे मी सारखा पुढे घसरत होतो आणि सगळा भार हँडलवर, मनगटांवर येत होता. पाकिटं हातातून सुटायला लागली. पण विधवा बाईला जाऊन काय बोलायचं? आठवडाभर सोसलं, मग गेलो आणि म्हणालो, "वहिनी, छानच झालंय तसं. फक्त अगदी थोडंसं, म्हणजे जमलं तर..."

"भाऊ, स्पष्ट बोला. सगळे माझ्याशी हळू हळू बोलतात. त्याने मला काहीच कळेनासं झालंय."

"हात बधीर होतात. चुकलंय तुमचं."

"हां. असं सांगा."

शेजारी एक बांधकाम चाललं होतं. वहिनी सरळ तिथे गेल्या आणि गवंड्याकडून पाणसळ मागून घेऊन आल्या. सीटवर एक फळी ठेवली, फळीवर पाणसळ. बुडबुडा मधोमध येईपर्यंत सीट हलवली. मला कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं. मग एक दाता खाली. परत जाऊन या. मी अकरा वेळा कोपऱ्यावर जाऊन आलो. पानवाल्याला वाटलं, माझं काहीतरी हरवलंय. शेवटी सपाटीपेक्षा एकच दाता खाली, यावर माझं भागलं. वहिनींनी ते एका वहीत लिहून ठेवलं.

पुढे ती वही भरत गेली. अनेक लोक सायकलवर त्रास काढत असतात आणि तो आपल्या नशिबाचाच भाग समजतात. गणिताचे मास्तर आले, दूधवाला आला, घरोघरी फिरून बाळंतिणी तपासणारी नर्स आली. नर्सचं कव्हर डावीकडे विरलेलं होतं. वहिनींनी तिला भिंतीला धरून सायकलवर बसवलं, मागून पाहिलं आणि विचारलं, "एक पाय आखूड आहे का?" नर्स म्हणाली, "लहानपणी पडले होते. नवऱ्याच्याही अजून लक्षात आलेलं नाही."

नर्स चौकस बाई. नट आवळेपर्यंत तिने वहिनींची चौकशी केली.

"झोप लागते?"

"लागते."

"जेवण?"

"जेवते. सगळं करते. कुणी दुसरीच बाई करतेय आणि मी बघतेय असं वाटतं, एवढंच."

नर्सने औषध सांगितलं नाही की उपदेश केला नाही. "मी दर शनिवारी या वाटेने जाते, डोकावत जाईन," म्हणाली आणि खरंच डोकावत राहिली.

असं वर्ष-सव्वा वर्ष गेलं. मग एकदा लेक आली. तिला नवी नोकरी लागली होती, ऑफिस घरापासून चार किलोमीटर. "बाबांची सायकल मी नेऊ का?" तिने विचारलं. मिस्त्रींची सायकल मागच्या खोलीत भिंतीला टेकलेली असायची, वर गोणपाट. मी त्या दिवशी ब्रेक घट्ट करून घ्यायला आलो होतो, स्टुलावर बसलो होतो. लेकीने सायकल उजेडात आणली, गोणपाट काढलं.

सीटचं टोक आभाळाकडे होतं. चांगलं तीन-चार दाते वर. कव्हर कंपनीचंच, फाटून आतली स्प्रिंग दिसत होती.

वहिनी बघत राहिल्या. "यांनी कधी कव्हर दिलंच नाही मला शिवायला," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं हा माणूस असा बसत होता."

"बाबा म्हणायचे, लोहाराची सुरी बोथट," लेक म्हणाली.

"एका मिनिटाचं काम होतं. मूर्ख माणूस." आवाज चढला नाही. पण त्यांना कोणावर चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

नट गंजून बसला होता. तेल सोडलं, ठोकलं, पुन्हा तेल. अर्धा तास त्या झटत होत्या. मी उठलो तर हातानेच बसा म्हणाल्या. शेवटी नट सुटला तेव्हा पाना हातातून निसटून फरशीवर पडला. वहिनी तो उचलेनात.

"त्या दिवशी असाच आवाज आला होता," त्या म्हणाल्या. "मी आत शिवत होते. म्हटलं, पडला असेल हातातून. कव्हराची एक बाजू राहिली होती, ती पुरी केली. दोरा तोडला. मग उठले."

लेक दारातच उभी होती. मी कुठे बघावं मला कळेना.

"डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तरी फरक पडला नसता. मी विचारलं नव्हतं. ते आपणहूनच म्हणाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रड म्हणत होतीस. मला हे सांगायचं होतं."

लेक खाली बसली आणि तिने पाना उचलला. मी माझी सायकल घेऊन निघालो, ब्रेक तसेच ढिले. त्यानंतर त्या खोलीत काय झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. तिसऱ्या दिवशी उघडं होतं आणि लेक बापाच्या सायकलवरून कोपऱ्यापर्यंत चकरा मारत होती. वहिनी दारातून सांगत होत्या, "कंबर सैल सोड. हँडलला लटकू नकोस."

वहिनी बदलल्या असं कोणी म्हणणार नाही. अजून कमी बोलतात. दुकान बरं चाललंय, दूरदूरचे लोक सीट लावायला येतात. शनिवारी नर्स आली की दोघी काम न करता नुसत्या बसतात.

मी मागच्या वर्षी निवृत्त झालो. गुडघे कुरकुरायला लागले तसं वहिनींनी माझी सीट दोन बोटं वर घेतली आणि कोन पुन्हा तपासला. मी म्हटलं, "वहिनी, आता कुठे जायचंय मला एवढं?"

"ते तुम्ही बघा भाऊ," त्या म्हणाल्या. "आता उतरा, मास्तर थांबलेत."